खिडकीचे झडप आत उघडावे की बाहेर?

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधायचे ठरले की पाया किती खोल घ्यायचा, विटा कोणत्या भट्टीच्या आणायच्या, स्लॅब घालायचा की पत्रे टाकायचे, यावर महिना महिना खल होतो. पुढच्या दाराची फळी सागाची हवी म्हणून तालुक्याच्या वखारीत चार खेपा होतात. खिडकीचा विचार मात्र कोणी करत नाही. गवंडी भिंतीत भोक ठेवतो, सुतार चौकट आणून बसवतो, आणि झडपे कोणीकडे उघडायची हे त्याच्या सवयीने ठरते. राहायला गेल्यावर कळते की एक झडप उघडले की कपाटाला लागते, दुसरे पावसात फुगून बसले आहे, आणि तिसऱ्याची कडी इतकी उंच आहे की म्हातारीचा हात पोचत नाही. मग हळूहळू ती खिडकी बंद होते ती कायमची.

वाचकहो, एकदा भर दुपारी गावातून फेरी मारा आणि किती घरांच्या खिडक्या उघड्या आहेत ते मोजा. घरोघरी खिडक्या दिसतील, पण निम्म्याअधिक लागलेल्या असतील. याला कारण आळस नव्हे. उघडायला त्रास होतो म्हणून त्या उघडल्या जात नाहीत. आणि जी खिडकी रोज उघडत नाही ती खिडकी नव्हे, भिंतीतला कोनाडा समजावा.

यात आणखी एक गोष्ट आहे. खिडकी ठरवतो घरचा कर्ता पुरुष आणि सुतार. पण ती रोज उघडते-लावते घरातली बाई. दिवसभर त्या खोलीत तीच असते, धूर तिच्याच डोळ्यांत जातो, आणि वळवाची सर आली की धावत जाऊन झडपे तीच ओढते. म्हणून या लेखातले सगळे हिशोब बाजूला ठेवले तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: सुताराला माप देण्याआधी घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्या जागी उभे करून विचारा. हात कुठवर पोचतो, खाट कुठे येणार, फडताळ कुठे येणार, हे त्यांना नेमके सांगता येते.

आधी खिडकीचे काम ठरवा

घरातल्या सगळ्या खिडक्यांचे काम एकच नसते. म्हणून सगळ्यांना एकच माप आणि एकच पद्धत लावू नये. प्रत्येक खिडकीसाठी चार प्रश्न विचारावेत. ऊन कोणत्या वेळी येते? पावसाची झड कोणत्या बाजूने येते? बाहेर काय आहे, म्हणजे रस्ता, अंगण, गोठा की शेजाऱ्याची भिंत? आणि आत, झडपाच्या वाटेत काय येणार आहे?

आपल्याकडे पावसाळ्यातले मुख्य वारे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात. त्यामुळे झडीचा मारा बहुधा त्या बाजूच्या खिडक्यांवर होतो. उन्हाळ्यात दुपारनंतरचे तिरपे ऊनही पश्चिमेकडूनच आत घुसते. म्हणजे पश्चिमेची खिडकी दोन्ही ऋतूंत अवघड. उत्तरेची खिडकी सगळ्यात सोपी. तिथून उजेड मिळतो आणि ऊन फारसे येत नाही. मुलांच्या अभ्यासाची जागा उत्तरेच्या खिडकीशी धरावी, ती याचसाठी.

चौकट भिंतीत कुठे बसवायची?

झडप आत उघडायचे की बाहेर, हा प्रश्न पुढचा. त्याच्या आधी चौकट भिंतीच्या जाडीत कुठे बसवायची ते ठरले पाहिजे. भिंत दगडाची असो की विटांची, चौकट तिच्या आतल्या तोंडाशी बसवता येते, बाहेरच्या तोंडाशी बसवता येते किंवा मधोमध बसवता येते. यावरून झडप किती उघडेल ते ठरते.

एक साधा हिशोब पाहा. समजा, चौकटीच्या आतले माप तीस इंच रुंद आहे आणि तिला दोन झडपे आहेत. म्हणजे प्रत्येक झडप पंधरा इंचांचे. भिंत विटांची, नऊ इंची. चौकटीचे लाकूड चार इंचांचे, आणि ते बाहेरच्या तोंडाशी बसवले. मग आतल्या बाजूला भिंतीच्या जाडीतली पाच इंच जागा उरली. झडप आत उघडले की ते त्या पाच इंचांत मावत नाही. दहा इंच खोलीत पुढे येऊन उभे राहते. त्याचा कोपरा नेमका मुलांच्या कपाळाच्या उंचीवर येतो. शिवाय आतल्या कट्ट्यावर घरची माणसे तेलाची बाटली, कंगवा, औषधे ठेवतात. ती उचलल्याशिवाय झडप हलत नाही. अशी खिडकी चार महिन्यांत बंद पडते.

तीच चौकट आतल्या तोंडाशी बसवली तर झडप पूर्ण फिरून भिंतीला चिकटून बसते. खोलीत काही पुढे येत नाही. कट्टा बाहेरच्या बाजूला जातो, त्यामुळे झडपाच्या वाटेत काही राहत नाही. आणि भिंतीच्या जाडीची थोडी सावली आपोआप मिळते. जुन्या घरांच्या अठरा-वीस इंची दगडी भिंतीत तर ही सावली चांगलीच मोठी असते.

मात्र यासाठी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, खिडकीच्या दोन्ही अंगांना झडपाच्या रुंदीइतकी भिंत मोकळी हवी. वरच्या उदाहरणात पंधरा-पंधरा इंच. खिडकी कोपऱ्याला लागून असेल तर त्या बाजूचे झडप अर्धेच उघडेल. दुसरी, चौकट विटांच्या तोंडाशी बरोबर बसवू नये; गिलावा जितका जाड होणार तितकी, म्हणजे साधारण अर्धा इंच, पुढे ठेवावी. नाहीतर गिलाव्यानंतर चौकट आत दबते आणि झडप गिलाव्याच्या कडेला अडते. कित्येक घरांत झडपे सरळ न लागता तिरकी उभी राहतात, त्याचे कारण हेच असते. तिसरी, बाहेरच्या कट्ट्यावर पाणी साचून भिंतीत मुरू नये म्हणून त्यावर शहाबादी फरशी बसवावी. तिला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि ती भिंतीच्या पुढे इंचभर काढावी, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता थेट खाली पडते.

दोन्ही अंगांना जागाच नसेल तर घडीचे झडप करता येते. पंधरा इंचांचे एक झडप साडेसात-साडेसात इंचांच्या दोन पट्ट्यांचे करायचे आणि मध्ये बिजागरी लावायची. उघडताना ते दुमडते आणि भिंतीच्या जाडीत थोडक्यात मावते. बिजागऱ्या दुप्पट लागतात, खर्च वाढतो. पण खोली लहान असेल तर हा खर्च वाया जात नाही. केंद्र सरकारची ग्रामीण घरकुल योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्यात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. एवढ्या घरात झडपाने अडवलेली फूटभर जागासुद्धा महत्त्वाची असते.

आत की बाहेर?

आता मूळ प्रश्न. दोन्ही पद्धतींत गुण आहेत आणि दोषही आहेत. ते पारखून घ्यावेत.

बाहेर उघडणारे झडप पावसाला चांगले. ते चौकटीवर बाहेरून बसते. वाऱ्याने झड आली तर वाराच त्याला चौकटीवर दाबून धरतो, आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. खोलीतली जागाही ते अडवत नाही. पण उघडे असताना ते ऊन, पाऊस आणि वारा सोसत उभे असते. हूक लावला नाही तर आपटून त्याचे सांधे खिळखिळे होतात. खिडकी रस्त्याकडे किंवा अंगणाच्या वाटेवर असेल तर येता-जाता माणसाच्या डोक्याला लागते. आणि ते लावायचे तर गजांतून हात बाहेर काढावा लागतो.

आत उघडणारे झडप हाताशी असते. पुसायला, रंगवायला, बिजागरीत तेल घालायला सोपे. उघडे असताना त्याला ऊन-पाऊस लागत नाही, म्हणून ते टिकते. पण पावसाच्या बाबतीत ते कच्चे. वारा त्याला आत ढकलतो, म्हणून कडी भक्कम हवी. झडपावरून ओघळणारे पाणी खालच्या फटीतून आत येते. यावर उपाय आहे. झडपाच्या खालच्या कडेला बाहेरच्या अंगाने उतरती लाकडी पट्टी मारावी, म्हणजे पाणी तिच्यावरून पुढे पडते. चौकटीच्या खालच्या लाकडालाही बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. आणि वर छज्जा हवाच.

आजच्या काळात या निवडीत आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे डासांची जाळी. हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावली की झाले, असे आता म्हणता येत नाही. दिवसा खिडकी उघडी हवी आणि डासही नको, असे दोन्ही साधायचे तर खिडकीला जाळी हवी.

झडप आत उघडणारे असेल तर जाळी गजांच्या बाहेरून कायमची बसवता येते. झडप उघडा, लावा, जाळी जागची हलत नाही. झडप बाहेर उघडणारे असेल तर जाळी आत येते, आणि झडपाला हात लावायचा म्हणजे आधी जाळी उघडावी लागते. मग जाळीलाही बिजागरी, तिलाही कडी. सुरुवातीला घरची माणसे ती नेमाने लावतात. पुढे कंटाळतात आणि जाळी उघडीच राहते. म्हणून निजायच्या खोलीला, बाळंतिणीच्या खोलीला आणि मुलांच्या अभ्यासाच्या जागेला झडपे आत उघडणारी आणि जाळी बाहेर पक्की, हीच मांडणी बरी. जाळी खिळ्यांनी ठोकू नये. लाकडी पट्टीच्या चौकटीत ताणून ती चौकट स्क्रूने बसवावी. वर्षातून दोनदा काढून धुता येते. धुळीने भरलेल्या जाळीतून वारा येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मग बाहेर उघडणारी झडपे कुठे लावावी? कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे पश्चिमेची झड दिवसचे दिवस लागते, तिथल्या पश्चिम भिंतीला. खोली इतकी लहान असेल की आत इंचभर जागा सोडता येत नाही, तिथे. मात्र त्या खिडकीबाहेर माणसांची वाट नसावी.

दोन झडपे की चार?

जुन्या वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत एक पद्धत आढळते. खिडकी उंचीत मधोमध विभागलेली. खाली दोन झडपे, वर दोन. चारही झडपे वेगवेगळी उघडतात. ही पद्धत हल्ली मागे पडली आहे, पण ती फार विचाराची आहे.

खेड्यातले घर बहुधा रस्त्याला लागून असते. घरात बायका वावरतात, कोणी जेवत असते, कोणी निजलेले असते. दोनच झडपे असली की खिडकी एक तर सताड उघडी, नाहीतर पूर्ण बंद. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर नको म्हणून ती बंदच राहते, आणि त्या नजरेबरोबर उजेड आणि वाराही बाहेर राहतो. चार झडपे असली तर खालची दोन लावून वरची उघडी ठेवता येतात. आडोसाही राहतो आणि उजेडही येतो. गरम हवा वर चढते, ती वरच्या उघड्या भागातून बाहेर पडते. रात्री चोरापोरांची भीती वाटली तरी वरची झडपे गजांआड उघडी ठेवून निजता येते.

चार झडपांसाठी खर्च थोडा अधिक येतो, कारण बिजागऱ्या आणि कड्या वाढतात. तोही परवडत नसेल तर रस्त्याकडच्या एकाच खिडकीला तरी चार झडपे करावीत. एक सावधगिरी बाळगावी: वरच्या झडपांची कडी त्यांच्या खालच्या कडेला लावावी, म्हणजे स्टुलावर न चढता हात पोचतो.

फळी, काच की पट्ट्या?

फळीचे झडप ऊन अडवते, मजबूत असते, पण लावले की खोलीत अंधार होतो. काचेचे झडप लावूनही उजेड देते, पण ऊन थेट आत घेते. काचेतून आलेल्या उन्हाने खोली तापते आणि ती उष्णता सहजी बाहेर जात नाही. काचेच्या आतून फळीचे झडप किंवा पडदा लावला तरी ऊन काचेच्या आत आलेलेच असते. तापलेली फळी ती उष्णता खोलीतच सोडते. आतल्या फळीची काचेकडची बाजू पांढरी रंगवली तर काही ऊन परत फिरते. पण खरा उपाय म्हणजे ऊन बाहेरच अडवणे. त्यासाठी छज्जा, तट्ट्या, किंवा खिडकीपुढे चार बांबू रोवून त्यावर चढवलेला दोडक्याचा, घेवड्याचा वेल. हा वेल सावली देतो आणि भाजीही देतो.

विदर्भात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. तिथे जुन्या जाणत्या माणसांची रीत योग्य आहे: सकाळी नऊ-दहाच्या सुमारास झडपे लावून घ्यायची, आणि संध्याकाळी बाहेरची हवा निवली की सगळी उघडायची. जाड भिंतींच्या घराला ही रीत चांगली मानवते. पण तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा समोरासमोर दोन खिडक्या असतात. एकाच भिंतीला खिडकी असेल तर वारा येतो तिथेच थांबतो.

तिरप्या पट्ट्यांची झडपे, ज्यांना झिलमिली म्हणतात, ती जुन्या बंगल्यांत आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांत दिसत. झडप लागलेले असूनही वारा खेळतो आणि ऊन अडते. पट्ट्यांचा उतार बाहेर खाली असावा, म्हणजे पाणी आत येत नाही. मेहनत आणि लाकूड जास्त लागते, आणि पट्ट्यांवर धूळ बसते. धान्याची मळणी जिथे दाराशी चालते त्या घराने या धुळीचा विचार आधी करावा. सोसणार असेल तर फक्त वरच्या दोन झडपांना पट्ट्या आणि खालच्या दोनांना फळी, असे केले की दोन्हींचा फायदा मिळतो.

गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या काही जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेले आढळतात. काच दुर्मिळ होती त्या काळात लोकांनी काढलेली ही युक्ती. त्यातून उजेड मऊ होऊन येतो आणि आतले बाहेर दिसत नाही. आज हे काम करता येते ते धुरकट काचेने. रस्त्याकडच्या आणि न्हाणीच्या खिडकीला ती चांगली.

चुलीच्या खोलीची खिडकी

इथे मात्र एक वेगळाच नियम. चुलीच्या किंवा शेगडीच्या बरोबर मागे, जाळाच्या उंचीवर खिडकी ठेवू नये. वाऱ्याने जाळ इकडे-तिकडे जातो, गॅस विझतो, आणि आत उघडणारे झडप जाळाजवळ येते. खिडकी बाजूच्या भिंतीला असावी. धूर वर चढतो, म्हणून समोरच्या भिंतीत छताजवळ झरोका ठेवावा आणि त्याला झडप न लावता फक्त जाळी लावावी. ज्याला झडप आहे ते कधी ना कधी लावले जाते. धुराची वाट कधीच बंद होता कामा नये.

लाकूड, बिजागरी आणि पावसाळा

लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. म्हणून एकाच रुंद फळीचे झडप करू नये. चौकटीत बसवलेली, खाचेत थोडी हलायला मोकळी असलेली फळी फुगली तरी झडपाचे माप बिघडत नाही.

साग सगळ्यात कमी हलतो आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही, पण तो महाग. घरच्या बांधावरचे बाभूळ किंवा कडुनिंब कापून वापरायचे असेल तर ते पुरते वाळू द्यावे. पाटे पाडून, मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत रचावेत. ओल्या लाकडाची झडपे पहिल्या उन्हाळ्यातच पिळतात. प्लायवूडचा मोह असेल तर साधे प्लायवूड घेऊ नये, ते झडीने पदर सोडते, आय.एस. ७१० असा शिक्का असलेले घ्यावे.

झडपे बनवायला दिवाळीनंतरचा काळ उत्तम. ती फाल्गुन-चैत्रात बसवावीत आणि चौकटीशी चारही बाजूंनी जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट ठेवावी. उन्हाळ्यात ही फट मोठी वाटते. मृगाचा पाऊस पडला की ती भरून येते. भर पावसाळ्यात घट्ट बसवलेले झडप उन्हाळ्यात सैल होते. उलट, पावसाळ्यात झडप अडकू लागले तर लगेच रंधा मारू नका. आधी बिजागरीचे स्क्रू ढिले झाले आहेत का ते पाहा. ते घट्ट करूनही अडत असेल तर लाकूड वाळेपर्यंत थांबा.

बिजागरीचे स्क्रू हा आणखी एक नाजूक भाग. घाईचा कारागीर स्क्रू हातोडीने ठोकतो आणि शेवटचे दोन आटे तेवढे पेचकसाने फिरवतो. दिसायला काम सारखेच दिसते. पण ठोकलेल्या स्क्रूने लाकडाचे तंतू फाटतात आणि वर्षभरात झडप लोंबते. गिरमिटाने स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून स्क्रू पूर्ण फिरवून बसवायला सांगा, आणि तेव्हा जवळ उभे राहा. तीन फुटांपर्यंतच्या झडपाला दोन बिजागऱ्या पुरतात. त्याहून उंच असेल तर तीन. समुद्राजवळच्या गावांत लोखंडी बिजागऱ्या खाऱ्या हवेने गंजतात, तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात.

रंग देताना झडपाची वरची आणि खालची कड राहून जाते, कारण ती दिसत नाही. पाणी मात्र तिथूनच सगळ्यात जास्त शोषले जाते. म्हणून झडप बसवण्याआधीच त्या कडांना दोन हात द्यावेत. चौकटीची भिंतीला टेकणारी बाजू डांबराने माखावी, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतात.

जुने घर असेल तर

जुन्या घराच्या चौकटी बहुधा काटकोनात राहिलेल्या नसतात. नवी झडपे करायची तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सगळ्यात लहान माप धरावे. दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे. ओळंबा लावून पाहावा. चौकट ओळंब्यात नसेल तर झडप आपोआप उघडते किंवा आपोआप लागते, मग कितीही कड्या लावा.

खिडकी मोठी करायची म्हणून जुनी दगडी भिंत फोडण्याचा विचार मात्र जपून करावा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. अशा भिंतीत आणखी भोके पाडणे, त्यातही कोपऱ्याजवळ, म्हणजे तिची उरलीसुरली ताकद कमी करणे. आहे त्याच भोकात चार झडपे करून, कपाट हलवून, आतून भिंतीला पांढरा चुना देऊन उजेड वाढवता येतो. भिंत फोडायचीच असेल तर जाणत्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय पहार लावू नये.

जुन्या झडपांचा रंग खरवडतानाही काळजी घ्यावी. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारून ओला खरवडावा, लेकरांना आणि गरोदर बाईला त्या वेळी दूर ठेवावे, आणि खरवडलेला कचरा उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नये. तो पिशवीत घट्ट बांधून, गुरे-कोंबड्या पोचणार नाहीत असा वेगळा ठेवावा.

काही जण जुनी लाकडी खिडकी काढून सरकती ॲल्युमिनियमची बसवतात. ती फुगत नाही, वाळवी लागत नाही आणि खोलीत जागा अडवत नाही, हे खरे. पण दोन काचांची सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते. वारा अर्धाच येतो. हे जाणून मग निवड करावी.

सुताराला काय सांगाल?

काम सुरू होण्याआधी एवढ्या गोष्टी एका कागदावर लिहून सुताराच्या हाती द्या आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

१. प्रत्येक खिडकीची चौकट भिंतीच्या कोणत्या तोंडाशी.
२. झडपे आत की बाहेर. दोन की चार.
३. गजांमधले अंतर चार इंचांपेक्षा कमी, म्हणजे लहान मुलाचे डोके अडकत नाही.
४. जाळी कोणत्या बाजूला आणि ती धुण्यासाठी कशी निघेल.
५. कडीची उंची. घरातल्या सर्वांत ठेंगण्या मोठ्या माणसाचा हात पोचेल अशी.
६. उघडे झडप धरून ठेवणारा हूक, प्रत्येक झडपाला एक.
७. फट किती, स्क्रू कसे, आणि कडांना रंग कधी.

चौकटी उभ्या राहिल्या की गिलावा होण्याआधी एक दिवस थांबा. दोन खापरांचे तुकडे किंवा पुठ्ठा झडपाच्या मापाचा कापा, बिजागरीच्या जागी धरून फिरवून पाहा. खाट आणि कपाट जिथे येणार तिथे खडूने रेघा मारा. आणि मग घरातल्या बाईला तिथे उभी करून म्हणा, "उघडून दाखव." तिचा हात सहज पोचला, झडप कशाला लागले नाही, तर गिलाव्याला परवानगी द्या. कुठे अडले तर आत्ताच दुरुस्त करा. आज चौकट सरकवायला एक दिवस लागेल. गिलाव्यानंतर ती कोणी सरकवत नाही. त्या घरातली माणसे तेवढी बंद खिडकीशी जुळवून घेत जन्म काढतात.